अर्धा छापलेला नकाशा

बाबा, तुमचा हात थरथरतो हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं, असं मी बरेच दिवस समजून होते. रविवारची सकाळ होती. तुम्ही विमानतळावरची पाळी संपवून आला होतात, अंघोळ करून स्वयंपाकघरात पाटावर बसला होतात आणि नेहमीसारखा चहा बशीत ओतून घेतला होतात. बशी ओठांपाशी नेताना चहावर बारीक बारीक लाटा उठल्या. तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "आज फारच गरम आहे." चहा गरम नव्हता. त्याच पातेल्यातला माझा कप पिऊन झाला होता. आई आपल्या दोघांकडे पाठ करून पोळ्या लाटत होती, ती वळलीसुद्धा नाही. मला वाटलं, तिला काही दिसलेलं नाही.

कलकत्त्याला डमडमच्या त्या सरकारी घरात आपण दोन-तीन वर्षांसाठी म्हणून आलो होतो. पुण्याहून निघताना आईनं अर्धी भांडी आजीकडे ठेवली होती, लगेच परत यायचंच आहे म्हणून. तुमची पुढची बदली काही झाली नाही, आणि ती भांडी पुढे मामीनं वापरली. तुम्ही हवामान खात्यात, विमानतळाच्या कचेरीत. मला लहानपणी तुमचं काम नीट सांगता यायचं नाही, शाळेत मी सांगायची, माझे बाबा पाऊस सांगतात, आणि मुली हसायच्या. तुम्हीच मग एकदा मला कचेरीत नेऊन दाखवलंत. टेलिप्रिंटरवर गावोगावचे आकडे येत होते: हवेचा दाब किती, वारा कुठून, ढग किती. ते आकडे मोठ्या नकाशावर गावागावापाशी मांडून झाले की तुम्ही सरसावून बसायचात आणि समान दाबाची ठिकाणं जोडत रेषा ओढायचात. मऊ शिशाची पेन्सिल, मनगट टेबलाला न टेकवता खांद्यातून फिरणारा हात. "घाई केली की रेषेला कोपरे येतात," तुम्ही म्हणालात, "हवेला कोपरे नसतात." मग एखादा वैमानिक यायचा, टोपी काखेत धरून तुमच्या नकाशावर वाकायचा, आणि रंगूनच्या वाटेवर त्याला काय भेटेल ते तुम्ही त्याला सांगायचात. तो मान डोलवून निघून जायचा. मला तो माणूस विमानाचा मालक वाटायचा आणि तुम्ही आकाशाचे.

शिळे झालेले नकाशे तुम्ही घरी आणायचात, कारण फडताळात अंथरायला आईला जाड कागद लागायचा. आपल्या मसाल्याच्या डब्याखाली अंदमान होतं. तेलाच्या बरणीनं ओरिसाच्या किनाऱ्यावर एक पिवळा गोल उमटवला होता. "डाळीचा डबा नागपूरवर ठेव," आई सांगायची आणि मी बरोबर ठेवायची. भूगोलात मला कधी कमी मार्क पडले नाहीत ते त्या फडताळामुळे.

गणितात एम.एस्सी. झाल्यावर मला एस्प्लनेडच्या एका मोठ्या सरकारी कंपनीच्या संगणक विभागात नोकरी लागली. पुण्याहून आजीचं पत्र आलं, मुलगी कसल्या यंत्रावर बसणार म्हणे. तुम्ही उत्तरात लिहिलंत की यंत्रावर बसत नाहीत, यंत्राला कामाला लावतात. त्या खोलीत यंत्रासाठी इतका गारठा ठेवलेला असायचा की मी ऐन मे महिन्यात आईनं विणलेला स्वेटर पिशवीत घेऊन बसमध्ये चढायची. आमच्या विभागाच्या प्रमुखांना सगळे 'दादा' म्हणायचे. बारीक अंगाचे, पानानं ओठ रंगलेले, आणि यंत्राच्या खोलीत पान खाता येत नाही म्हणून सतत दाराशी घुटमळणारे. मला प्रोग्रॅम लिहायला त्यांनीच शिकवलं, हिंदी, इंग्रजी आणि बंगाली मिसळून. पगाराची बिलं, कोळशाचा साठा, भांडारातला माल, असली सगळी आमची कामं. शेवटी सगळं बाहेर पडायचं ते एका अगडबंब प्रिंटरमधून. तो अक्षर अक्षर नाही, आख्खी ओळ एका दणक्यात छापायचा, आणि हिरव्या पट्ट्यांचा घडीचा कागद त्याच्या पोटातून खडखडत बाहेर यायचा.

त्या प्रिंटरला हुकूम द्यायची एक पद्धत होती. प्रत्येक ओळीतलं पहिलं अक्षर तो छापायचाच नाही. ते अक्षर म्हणजे त्याला दिलेली आज्ञा. पहिलं घर रिकामं असलं तर एक ओळ खाली सरक. शून्य असलं तर दोन ओळी सरक. एक असला तर हे पान सोड, नव्या पानावर जा. आणि बेरजेचं चिन्ह असलं तर सरकूच नकोस, जागच्या जागी, छापलेल्या ओळीवरच पुन्हा छाप. दादा म्हणायचे, "पहिलं घर त्याचं. तिथे तू काही ठेवायचं नाही." ते बेरजेचं चिन्ह मला फार आवडलं होतं. एकाच जागी तीन वेगवेगळी अक्षरं एकावर एक छापली की ती एकमेकांत बुडून काळा ठिपका व्हायचा. म्हणजे फिकं आणि गडद करता येत होतं. म्हणजे त्या पगारपत्रकाच्या यंत्राकडून चित्र काढून घेता येणार होतं. कुणी तसं केलेलं आमच्या विभागात मी पाहिलं नव्हतं, आणि करण्याचं कुणाला कारणही नव्हतं.

मला कारण मिळालं ते त्या बशीतल्या लाटांमुळे. त्यानंतर मी तुमच्या हाताकडे बघायला लागले. तुम्ही सदऱ्याची बटणं हळू लावता, सही करायच्या आधी पेन कागदावर टेकवून क्षणभर थांबता, कचेरीतून येताना हल्ली शिळे नकाशे आणत नाही. मी काही विचारलं नाही. मनाशी ठरवलं की रेषा काढायचं काम प्रिंटरला शिकवायचं. तुमच्याकडे एका दिवसाचे सगळे आकडे मागितले, खेळ म्हणून, आणि तुम्ही खुशीत येऊन दिलेत. "बघू तुझ्या यंत्राला वाऱ्यातलं काय कळतं ते," म्हणालात.

पहिल्या दिवशी काय झालं ते मी तुम्हाला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, पण पुन्हा सांगते, कारण तुम्ही इतके हसलेले मला दुसऱ्यांदा आठवत नाही. आधी नुसते गावांचे दाब छापून बघावेत म्हणून मी आकड्यांची भोकं पाडलेली कार्डं यंत्रात टाकली. दाब म्हणजे हजार चार, हजार सहा असे आकडे. मी पहिलं घर मोकळं सोडायला विसरले. प्रिंटरनं पहिल्या गावाच्या आकड्यातला एक हा हुकूम समजून गिळला आणि पान फेकलं. दुसरं गाव, दुसरं पान. तिसरं गाव, तिसरं पान. प्रत्येक पानाच्या माथ्यावर इवलासा 'शून्य शून्य चार' आणि खाली सगळं कोरं. कागद कारंज्यासारखा उडत होता. दादा पान तोंडात असताना आत धावले, जे त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि ओरडले, "एटा की होच्छे? बंद करो, बंद करो!" मध्येच एक वादळाजवळचं गाव आलं, त्याचा दाब नऊशे अठ्ठ्याण्णव, तर नऊ गिळून यंत्रानं नुसतं अठ्ठ्याण्णव छापलं आणि शहाण्यासारखं एकच ओळ सरकलं. तुम्ही हे ऐकून जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसलात. "अठ्ठ्याण्णव दाबाला माणूस फुटेल गं," एवढंच कसंबसं म्हणालात. आई पाणी देत म्हणाली, "आधी घास गिळा, मग फुटा."

मग सुट्टीच्या दिवशी आणि जेवणाच्या वेळात माझं काम चालू राहिलं. गोल काढायला सांगितला तर अंडं यायचं, कारण त्या प्रिंटरची अक्षरं आडवी दाटीवाटीनं बसायची आणि ओळी मात्र एकमेकींपासून लांब. ते गणितानं दुरुस्त केलं. किनारा टिंबांनी काढला. जिथे आकडा नाही तिथला दाब आसपासच्या गावांवरून काढायचा, जवळच्या गावाचं जास्त ऐकायचं, लांबच्याचं कमी, असा हिशेब बसवला. पहिला पुरा नकाशा गुंडाळी करून घरी आणला तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. तुम्ही तो जमिनीवर पसरलात, चष्मा कपाळावर ढकललात आणि बराच वेळ बघत राहिलात. "प्रत्येक गावाभोवती वेगळं वादळ आहे का?" तुम्ही विचारलंत. खरंच, गावागावाभोवती छोटी छोटी कडी पडली होती, पाण्यात खडे टाकल्यासारखी. "गावानं मोजलं म्हणून हवा गावापाशी थांबत नाही. चल वर."

आपण गच्चीवर गेलो. शेजारच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे फडफडत होते, आणि एक विमान इतक्या खालून उतरत होतं की त्याची चाकं दिसत होती. तुम्ही मला म्हणालात, वाऱ्याकडे पाठ करून उभी राहा. मी उभी राहिले, वेणी पुढे येऊन तोंडावर. "आता डावा हात बाजूला कर. आणखी वर. तिकडे दाब कमी आहे." मी बघितलं तर माझा हात बराकपूरच्या दिशेला. "तिकडे काय आहे?" मी विचारलं. "तिकडे काही नाही, हवा कमी आहे," तुम्ही म्हणालात. "म्हणजे एका गावाचा वारा कळला की त्याच्या शेजारून रेषा कुठल्या दिशेनं जाईल हेही कळतं. तू माझे नुसते दाब घेतलेस. वारा कुठे टाकलास?" मी खरंच वारा टाकून दिला होता, तो कार्डावर मावत नव्हता म्हणून. त्या दिवशी तुम्ही मला जे शिकवलंत त्यानं माझी कडी गेली. महिनाभरानं मी आणलेल्या नकाशात रेषा गावांना वळसे न घालता सरळ बिहारवरून बंगालमध्ये उतरत होत्या.

तो नकाशा घेऊन मी घरी आले त्या संध्याकाळी तुम्ही नव्हतात. आई एकटी स्वयंपाकघरात फरसबी निवडत बसली होती. मी तिला उत्साहानं म्हटलं, "आई, आता बाबांना रेषा काढायला लागणार नाहीत. त्यांचा हात—" आणि थांबले. तिनं मान वर केली नाही. "तुला कधी कळलं?" म्हणाली. मी म्हटलं, चार-पाच महिन्यांपूर्वी. "मला वर्ष झालं," ती म्हणाली. "त्यांची दाढी मी करते रोज." मी म्हटलं, कधी? मला कशी दिसली नाही? "तू अंघोळीला जातेस तेव्हा. उगाच का तुला रोज आधी पिटाळते?" मग तिनं बाकीचं सांगितलं. आठवड्यापूर्वी एका वैमानिकानं तुमच्या नकाशावर बोट ठेवून विचारलं होतं, साहेब, ही एक रेषा आहे की दोन? तुम्ही सांगितलंत, एक. तो गेला, सुखरूप पोचलाही. पण दुसऱ्या सकाळी तुम्ही आपण होऊन वरिष्ठांकडे गेलात आणि म्हणालात, मला नकाशावरून काढा. कुणी काही बोललं नव्हतं, बाबा. कुणी तक्रार केली नव्हती. तुम्हाला कागदपत्रांच्या टेबलावर बसवायचं ठरलं होतं आणि त्याला एक महिना होता.

मला तेव्हा गप्प बसायला हवं होतं एवढं कळलं नाही. तुम्ही आलात, हातपाय धुतलेत, आणि मी लगेच नकाशा समोर पसरला. म्हटलं, "हा तुमच्या साहेबांना दाखवा. रेषा यंत्र काढेल. तुम्हाला टेबल बदलायची गरज नाही." तुम्ही नकाशा पाहिलात. चांगला आहे म्हणालात, ते मला आठवतं. मग विचारलंत, "हे मत कुणाचं?"

"मत कसलं, बाबा? आकडे आहेत."

"आकडे टेलिप्रिंटर देतो. वैमानिक माझ्याकडे आकडे घ्यायला येत नाही. दोन गावांच्या मध्ये, समुद्रावर, जिथे कुणीच मोजलेलं नाही, तिथे काय असेल ते एका माणसानं त्याच्या डोळ्यांत बघून सांगावं म्हणून येतो. उद्या तो पडला तर तुझ्या यंत्राला झोप लागणार नाही का?" तुमचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आणि माझ्या हाताची कीव करायची असेल तर तोंडावर कर. यंत्राच्या आडून नको."

मी रडले. तुम्ही जेवला नाहीत. आईनं दोन्ही ताटं झाकून ठेवली आणि आपल्या दोघांवरही चिडून एकटी जेवली. पुढचा आठवडाभर घरात आपण दोघं आईमार्फत बोलत होतो. "बाबांना विचार, वर्तमानपत्र वाचून झालं का." "तिला सांग, छत्री ने." शेवटी शनिवारी तुम्ही माझ्या खोलीच्या दारात आलात आणि भिंतीकडे बघत म्हणालात, "तुझे ते दादा बाहेरच्या माणसाला आत येऊ देतात का?"

रविवारी दुपारी तुम्ही एस्प्लनेडला आलात तेव्हा अंगात लोकरी कोट होता. खोलीतल्या गारठ्याचं मी सांगितलं होतं ते तुम्ही इतकं मनावर घेतलंत की श्रावणातल्या उकाड्यात श्यामबाजारपासून ट्राममध्ये कोट घालूनच बसलात. कपाळावरून घामाच्या धारा. दादा दारातच होते. "आशून मेशोमोशाई, आशून," या काका, या, म्हणत त्यांनी तुम्हाला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि चहा येताच कप नेमका अर्धा भरलेला असेल याकडे लक्ष दिलं. मी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं. तुम्ही आल्या आल्या हात जोडून नमस्कार केला होतात, तेवढ्यात त्यांना दिसलं असावं.

तुम्ही त्या सकाळचे ताजे आकडे आणले होतेत. उपसागराच्या माथ्यावर कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं. मी कार्डं पाडायला बसले, तुम्ही शेजारी उभे राहून सांगत होतात. एका ठिकाणी थांबलात. "हे जहाज आहे. याचा आकडा मला पटत नाही, जास्त वाटतो. याच्यावर अर्धाच विश्वास ठेव." मी म्हटलं, यंत्राला अर्धा विश्वास कसा सांगू? मग माझं मलाच सुचलं. मी आधीच जवळच्या गावाचं जास्त ऐकत होते, लांबच्याचं कमी. त्यातच आणखी एक आकडा घालता येत होता, प्रत्येक ठिकाणाच्या भरवशाचा. ज्याचं पूर्ण ऐकायचं त्याला एक, ज्याचं अर्धं त्याला अर्धा. प्रोग्रॅममधली दोनच कार्डं बदलावी लागली. तुम्ही मग एकेक ठिकाण घेत गेलात. हे वेधशाळेतलं आहे, पूर्ण ठेव. इथला माणूस नवीन आहे, थोडा कमी. हे डोंगराआड आहे, याचं वाऱ्याच्या बाबतीत काही ऐकू नकोस. सगळी झाल्यावर कोटाच्या बाहीनं कपाळ पुसलंत आणि म्हणालात, "आता हे माझं मत."

प्रिंटर सुरू झाला तेव्हा तुम्ही दचकून मागे सरलात, इतका तो आवाज. मग वाकून बघायला लागलात. वरून हिमालय आला, नेपाळ आलं, बिहार आला. एकेक ओळ दणक्यात. रेषा उतरत होत्या, पण पायऱ्या पायऱ्यांनी, कारण अक्षरांतून वळण काढायचं म्हणजे एक घर उजवीकडे, एक ओळ खाली, असंच जावं लागतं. मी घाबरत म्हटलं, "कोपरे आलेत, बाबा. त्याला काही करता येत नाही." तुम्ही पुढे होऊन, यंत्र चालू असताना, एका रेषेवरून बोट नेलंत. ते बोट थरथरत होतं आणि रेषा त्याच्याखाली उजवी-डावी, उजवी-डावी होत होती. "अगं," तुम्ही म्हणालात, "हासुद्धा थरथरतो." आणि हसलात. बाबा, स्वतःच्या हाताबद्दल तुम्ही माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

तेवढ्यात वीज गेली. कलकत्त्यात त्या वर्षांत ती कधीही जायची, पण त्या दिवशी मला रडूच कोसळायचं बाकी होतं. यंत्र मुकं झालं, पंखे थांबले, आणि कागद सुंदरबनच्या किनाऱ्याशी येऊन उभा राहिला. जमीन सगळी छापून झाली होती. समुद्र नव्हता. आणि त्या दिवशी जे काही होतं ते सगळं समुद्रात होतं. दादांनी हळूच कागद फाडून बाहेर काढला आणि आपण तिघं व्हरांड्यात खिडकीपाशी उजेडात आलो. तुम्ही अंगातला कोट काढून खुर्चीवर टाकलात. "पेन्सिल आहे का?" म्हणालात. दादांनी खिशातली दिली. मी कागद टेबलावर पसरला.

तुम्ही मनगट टेबलाला टेकवलं नाहीत. जुन्या सवयीनं खांद्यातून हात फिरवलात, छापलेली रेषा जिथे संपली होती तिथे पेन्सिल ठेवलीत आणि ती रेषा समुद्रात उतरवलीत. हात थरथरत होता, लपवायला काही जागाच नव्हती आणि तुम्ही लपवलाही नाहीत. रेषा केसाळ आली, जाड-बारीक आली, पण जायचं होतं तिथेच गेली. पहिली, मग तिच्या आतली, मग तिच्या आतली. खिडकीतून वारा येऊन कागद उडायला लागला तेव्हा दादा पुढे आले आणि त्यांनी दोन्ही तळव्यांनी नकाशा दाबून धरला, एक हात दार्जिलिंगवर आणि एक आसामवर. त्यांना पानाची तलफ आली असणार, पण हलले नाहीत. सगळ्यांत आतलं वर्तुळ बंद करून तुम्ही मध्ये एक ठिपका दिलात. "मेशोमोशाई, झोड आशबे?" वादळ येणार का, त्यांनी विचारलं. तुम्ही तुमच्या मोडक्यातोडक्या बंगालीत म्हणालात, "आशबे. पोरशू. बालेश्वर." ते परवाच आलं, फक्त ओरिसातल्या त्या बालेश्वरच्या जरा वर आलं, आणि त्या 'जरा वर'बद्दल तुम्ही आठवडाभर हळहळत होतात.

वीज आल्यावर यंत्र पुन्हा सुरू करायला वेळ गेला, पण नकाशा पुरा छापून निघाला. तुम्ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिलेत. उपसागरातल्या रेषा जवळजवळ सारख्याच होत्या. प्रिंटरनं केंद्र थोडं पूर्वेला धरलं होतं, आणि त्याभोवती मी तिहेरी छापून केलेला गडद डाग तुम्हाला आवडला. "समुद्र बरा जमलाय तुझा," म्हणालात. "आसाम अजून कच्चा आहे." परतताना आपण दोघं न्यू मार्केटवरून आईसाठी खजूर घेऊन गेलो. अर्धा नकाशा तुम्ही घडी करून कोटाच्या खिशात घातला होतात. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही, कोट पुढे बोहारणीला गेला. पुरा छापलेला मात्र आईनं दुसऱ्याच दिवशी फडताळात अंथरला, कागद पातळ आहे अशी कुरकुर करत.

माझा तो प्रोग्रॅम कुणीही वापरला नाही, हेही तुम्हाला माहीत आहे. तुमच्या कचेरीला दुसऱ्या कंपनीचं यंत्र चालणार नव्हतं आणि आमच्या कंपनीला हवामानाशी काही देणंघेणं नव्हतं. तुम्ही महिन्याअखेर कागदपत्रांच्या टेबलावर गेलात. मी आईला म्हटलं, आता बाबा खचतील. पण तिथेही दुपारी नकाशाखोलीतली मंडळी तुमच्याकडे रेषा दाखवायला यायला लागली, आणि तुम्ही पेन्सिल न धरता नुसतं सांगायचात: इथे फार घाई केलीस, इथे जहाजाचं ऐकू नकोस. एकदा घरी येऊन म्हणालात, "आता सगळ्यांचे हात माझेच आहेत," आणि लगेच लाजलात, फार मोठं बोलून गेल्यासारखे. निवृत्तीनंतर पुण्याला जायचं ठरत ठरत राहिलं, आणि तुम्ही दोघं बराकपूरला नदीकाठच्या त्या वरच्या मजल्यावर राहायला गेलात. मी बंगाली घरात लग्न होऊन इथेच राहिले. दर रविवारी शियालदाहून गाडी पकडून यायची. तुम्ही गॅलरीत आरामखुर्चीत बसलेले असायचात, आई तुम्हाला भरवायची, आणि घास तोंडात असतानाही तुम्ही पलीकडच्या काठावरच्या ढगांकडे बघत असायचात. हात तेव्हा मांडीवर ठेवूनही थांबत नसे. मी येऊन तो माझ्या हातात धरून बसायची. तुम्ही काढून घेतला नाहीत कधी.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आमच्या कचेरीत लेझर प्रिंटर आला. लहानसा, टेबलावर मावणारा, आवाज नाही. त्यालाही हुकूम द्यावे लागतात, कागदावर न दिसणारे: इथे जा, इथून वळण घे, तिथपर्यंत जा. जेवणाच्या सुट्टीत, कुणी नसताना, मी हुकूम टाईप करत बसले आणि त्याच्याकडून एक लांब वळण काढून घेतलं. ते इतकं गुळगुळीत आलं की मला खरं वाटेना. मी भिंग आणून पाहिलं. भिंगाखाली पायऱ्या होत्या, बाबा. अगदी बारीक, पण होत्या. मला इतका आनंद झाला की फोन करायला उठले, आणि मग कुणाला करायला निघाले होते ते आठवलं. आईला केला. ती म्हणाली, "तू जेवलीस का?"

आता आईही नाही. हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्नच येत नाही. घरात सगळे बंगालीत बोलतात आणि मीही बोलते, स्वप्नंसुद्धा बहुतेक बंगालीत पडतात. यांना मराठी कळतं, पण उत्तर देत नाहीत. मुलांना आजीचे चार शब्द येतात, तेही खाण्याचे. आज हे शांतिनिकेतनला गेलेत, दोन दिवसांसाठी, घर रिकामं आहे. खरं सांगायचं तर मी तुम्हाला नकाशाबद्दल काही सांगावं म्हणून बसलेच नव्हते. मला 'अहो बाबा' असं मोठ्यानं म्हणायचं होतं, आणि नुसतं म्हणायला वेड्यासारखं वाटलं म्हणून समोर कागद घेतला.